व्हॉइडला मराठीत एकच शब्द कुठला, आणि नसेल तर फाईलमध्ये काय लिहायचं?

आधी तुमचा प्रश्न माझ्या शब्दांत मांडते, म्हणजे मी कशाचं उत्तर देतेय ते स्पष्ट राहील. जुन्या इमारतीतली ऑफिसची जागा विकत घ्यायच्या व्यवहाराची इंग्रजी फाईल तुमच्याकडे मराठी करायला आलीय. त्यात करारनामा आहे, मजल्याचा नकाशा आहे, स्ट्रक्चरल रिपोर्ट आहे आणि गच्चीच्या वॉटरप्रूफिंगचं वॉरंटी कार्ड आहे. व्हॉइड हा शब्द त्यात आठ-नऊ ठिकाणी येतो, मशीनने सगळीकडे ‘शून्य’ टाकलंय, डिक्शनरीत पोकळी, रिक्त, निरर्थक, रद्द, निष्फळ असं सगळंच दिलंय, आणि क्लायंट म्हणतोय की एका इंग्रजी शब्दाला एकच मराठी शब्द हवा. तर तो कुठला?

मी बावीस वर्षं हेच काम करतेय, कोर्टाचे कागद, बांधकामाचे, हॉस्पिटलचे, आणि सरळ सांगते, असा एक शब्द नाही. पण त्याने घाबरायचं कारण नाही, कारण अडचण शब्दाची नाहीच मुळी. इंग्रजी व्हॉइड एवढंच सांगतो की इथे काहीतरी असायला हवं होतं किंवा असू शकलं असतं आणि ते नाहीये. नक्की काय नाहीये ते तो सांगत बसत नाही, ते आजूबाजूच्या वाक्यावरून घ्यायचं असतं. मराठीला मात्र ते आधी माहीत असावं लागतं. आपल्याकडे डबा रिकामा असतो, भिंत पोकळ असते, गाव ओस पडतं, कागद कोरा असतो आणि मैदान मोकळं. यातला एक शब्द उचलून दुसऱ्याच्या जागी ठेवून बघा, लगेच खटकतं. म्हणून मी दरवेळी शब्दाचा अर्थ न विचारता ‘इथे काय नाहीये?’ असं विचारते, आणि उत्तर मिळालं की मराठी वाक्य बहुतेक वेळा आपोआप येतं.

आता तुमचीच फाईल घेऊ.

करारनाम्यात जिथे ‘शॅल बी व्हॉइड’ आहे तिथे काय नाहीये? कायद्याचं बळ. भारतीय करार कायदा 1872 चा आहे आणि त्याच्या कलम 2(छ) मध्ये, म्हणजे इंग्रजी मजकुरातल्या जी मध्ये, व्याख्या अगदी छोटी आहे, की जो ठराव कायद्याने अंमलात आणता येत नाही तो व्हॉइड. बस. कागद आहे, सह्या आहेत, स्टॅम्प आहे, पण तो घेऊन कोर्टात गेलात तर कोर्ट म्हणणार याच्या जोरावर काही मागता येणार नाही. कायद्याच्या मराठीत याला शून्य किंवा शून्यवत म्हणतात, आणि तुमच्या मशीनने इथे लावलेला ‘शून्य’ चुकलेला नाही, फक्त वाचणारा व्यापारी माणूस असेल तर त्याला ‘हा करार शून्य राहील’ वाचून काहीच बोध होत नाही. मी तिथे ‘हा करार कायद्याच्या दृष्टीने शून्यवत असेल, म्हणजेच तो अंमलात आणता येणार नाही’ असं लिहिते. लांब होतं, होऊ दे.

‘रद्द’ लिहायचा मोह मात्र आवरा. मी सुरुवातीच्या काळात एका करारनाम्यात सगळीकडे रद्द लिहून दिलं होतं, आणि ज्यांच्यासाठी काम होतं त्या वकीलसाहेबांनी मला समोर बसवून एकच प्रश्न विचारला, “बाई, रद्द कोणी केला?” मला कळेना. मग ते म्हणाले की रद्द म्हटलं की कोणीतरी रद्द करावा लागतो, त्याला तारीख असते, त्या तारखेपर्यंत तो चालू होता असा अर्थ निघतो, आणि इथे तर तो पहिल्या दिवसापासून नव्हताच. हा फरक तेव्हापासून माझ्या डोक्यात पक्का बसलाय. त्यांनी उदाहरण दिलं ते मोहरीबीबी विरुद्ध धर्मोदास घोष या खटल्याचं, प्रिव्ही काउन्सिलचा, म्हणजे ब्रिटिश काळात लंडनमध्ये असलेल्या सगळ्यात वरच्या अपील कोर्टाचा, 1903 चा निकाल, लॉचा प्रत्येक विद्यार्थी तो पहिल्या वर्षात वाचतो. धर्मोदास अज्ञान होता, म्हणजे कायद्याने सज्ञान नव्हता, आणि त्याने कलकत्त्यात 20,000 रुपयांसाठी आपली मिळकत सावकाराकडे गहाण टाकली. निकाल असा आला की अज्ञान माणसाने केलेला करार मुळातच व्हॉइड. त्याने नंतर माघार घेतली म्हणून तो रद्द झाला असं नाही, तो करार झालाच नव्हता. इंग्रजी कागदात व्हॉइडच्या पुढे लॅटिन ‘अब इनिशिओ’ लागलेलं दिसलं तर ते हेच सांगतंय, तिथे ‘आरंभापासूनच’ असं घाला.

पण तुमच्या फाईलमध्ये एके ठिकाणी ‘बिकम्स व्हॉइड’ असंही आहे बघा, तो प्रकार निराळा. करार नीट झाला होता आणि नंतर काही घडलं म्हणून त्याचं बळ गेलं, कलम 2(ञ) ते सांगतं, इंग्रजीत जे. समजा व्यवहार पुरा व्हायच्या आधी ती इमारतच आगीत गेली. इथे ‘शून्यवत होईल’ हवं, ‘आहे’ किंवा ‘असेल’ नको. एका क्रियापदाचा फरक आहे, पण त्यावर पैसे अवलंबून असतात.

आणि व्हॉइडेबल. हा व्हॉइडचा धाकटा भाऊ वाटतो पण त्याचं वागणं जवळपास उलट आहे. जबरदस्तीने किंवा फसवून सही घेतली तर कलम 19 प्रमाणे करार व्हॉइडेबल ठरतो, म्हणजे ज्याची फसवणूक झाली त्याच्या हातात असतं, मोडायचा की ठेवायचा, आणि तो मोडत नाही तोवर करार चालू. कायद्याच्या मराठीत शून्यकरणीय. माझा अनुभव असा की हा शब्द कोर्टाबाहेर कोणी वाचत नाही, म्हणून मी तो लिहिते आणि लगेच पुढे ‘अमुक पक्षाच्या इच्छेनुसार रद्द करता येण्याजोगा’ असं जोडते. इथे रद्द शब्द बरोबर बसतो, कारण इथे रद्द करणारा माणूस आहे. लग्नाच्या कायद्यातही हीच जोडी दिसते, हिंदू विवाह कायदा 1955, कलम 11 मध्ये व्हॉइड लग्नं आणि कलम 12 मध्ये व्हॉइडेबल. पहिली बायको हयात आणि लग्न कायम असताना केलेलं दुसरं लग्न हे कलम 11 मधलं, ते कायद्याने लग्नच नाही, आणि कलम 12 मधलं लग्न कोर्टाचा हुकूमनामा होईपर्यंत लग्नच असतं. हे दोन शब्द एकमेकांच्या जागी गेले तर एखाद्या बाईच्या पोटगीच्या कागदात काय गोंधळ होईल याचा विचार करा, म्हणून मी या जागी दोनदा वाचते.

आणखी एक बारकावा म्हणजे ‘टू दॅट एक्स्टेंट व्हॉइड’. कलम 27 मध्ये हे आहे, कोणाला कायदेशीर धंदा-व्यवसाय करण्यापासून अडवणारा ठराव तेवढ्यापुरता व्हॉइड. हिंजवडीतल्या आयटीवाल्यांच्या अपॉइंटमेंट लेटरमध्ये नोकरी सोडल्यावर अमुक वर्षं दुसऱ्या कंपनीत जायचं नाही अशी अट असते ना, ती याच कलमाला अडखळते. पण म्हणून अख्खं लेटर बाद होत नाही, तेवढी अटच. तर ‘तेवढ्यापुरता’ हा शब्द गाळू नका, मशीन तो हमखास गाळतं.

बरं, ‘नल अँड व्हॉइड’ या जोडीबद्दल तुम्ही वेगळं विचारलंय. दोन शब्द आहेत म्हणून दोन मराठी शब्द शोधायची गरज नाही, इंग्रजी वकिली भाषेला अशा जोड्या लावायची जुनी सवय आहे, अर्थ एकच. आणि गंमत बघा, आपल्याकडे तशीच जोडी तयार आहे, रद्दबातल. रद्द अरबीतून आलेला, बातल म्हणजे अरबी बातिल, खोटा, फोल. दोन शब्द एकत्र घट्ट होऊन आपल्या कचेऱ्यांत पिढ्यानपिढ्या चालतायत. सातबाऱ्यावरचा फेरफार रद्दबातल झाला म्हटलं की गावातल्या कुठल्याही माणसाला कळतं. म्हणून नोटिशीत, जिथे मुद्दा ठासून सांगायचाय तिथे, मी रद्दबातल बिनधास्त वापरते, आणि व्याख्येच्या कलमात शून्यवत. वकीलसाहेबांचा आक्षेप इथेही थोडा लागू होतो हे मान्य, पण ‘आरंभापासूनच रद्दबातल’ म्हटलं की तो मिटतो.

आता तुम्ही विचारलं नाहीत पण फाईलमध्ये नक्की असेल अशी एक जागा सांगते. ‘अव्हॉइड’. हा शब्द व्हॉइडचाच नातेवाईक आहे, जुन्या फ्रेंचमधून इंग्रजीत आला आणि त्याचा मूळ अर्थ रिकामं करणं असा होता, टाळणं हा नंतरचा. कायद्याच्या आणि इन्शुरन्सच्या इंग्रजीत तो जुना अर्थ अजून जिवंत आहे. ‘द परचेसर मे अव्हॉइड द काँट्रॅक्ट’ म्हणजे खरेदीदार करार टाळू शकतो असं नाही, तो करार मोडू शकतो, शून्यवत ठरवू शकतो. इन्शुरन्स पॉलिसीतही कंपनी पॉलिसी अव्हॉइड करू शकते असं असतं, तिथे मी ‘टाळू शकते’ असं भाषांतर छापलेलं स्वतः बघितलंय, आणि ज्याचा क्लेम नाकारला गेला त्याला ते वाचून आपल्यावर काय आलंय हे कळणंच शक्य नव्हतं.

वॉरंटी कार्ड सोपं आहे. ‘वॉरंटी व्हॉइड इफ...’ इथे वॉरंटी शून्यवत वगैरे काही नको. ग्राहकाला हक्क उरणार नाही एवढंच सांगायचंय, तर ‘गच्चीवर नंतर तोडफोड किंवा ड्रिलिंग केल्यास वॉरंटी लागू राहणार नाही’. लोक दुकानात ‘वॉरंटी जाते’ असं म्हणतात, तेही चांगलं मराठी आहे, फक्त कार्डावर जरा साधं वाटेल.

स्ट्रक्चरल रिपोर्टमध्ये मात्र मला जरा रमायला आवडेल, कारण इथे बरेच भाषांतरकार घसरतात. काँक्रीटमध्ये व्हॉइड म्हणजे जिथे माल भरायला हवा होता तिथे तो पोचलाच नाही, सळया दाट होत्या किंवा व्हायब्रेटर नीट फिरवला नाही, आणि आत जागा राहिली. काय नाहीये? माल. म्हणून पोकळी. ‘रिक्त जागा’ लिहू नका, ती नोकरभरतीच्या जाहिरातीत असते. एकदा मी अशाच रिपोर्टचं काम करताना इंजिनिअरला विनंती करून साइटवर गेले होते. एका कॉलमच्या समोरासमोरच्या बाजूंना ग्रीस लावून दोन गोल प्रोब टेकवले, एकातून ध्वनिलहर सोडायची आणि दुसऱ्यात ती पोचायला किती वेळ लागला ते मशीनवर बघायचं. आत पोकळी असेल तर लहरीला वळसा घालून यावं लागतं, वेळ जास्त लागतो, वेग कमी दिसतो. भारतीय मानक 13311, भाग 1, 1992 चा, 2018 मध्ये नवं मानक येईपर्यंत चालला, त्याच्या हिशोबाने सेकंदाला साडेचार किलोमीटरच्या वर वेग म्हणजे काँक्रीट उत्तम, साडेतीन ते साडेचार चांगलं, तीन ते साडेतीन मध्यम आणि तीनच्या खाली म्हणजे शंका घ्यायची. तुमच्या रिपोर्टमध्ये यूपीव्ही, म्हणजे अल्ट्रासॉनिक पल्स व्हेलॉसिटी, नावाचा तक्ता असेल, तो याच चाचणीचा. आणि शेजारीच एक वयस्कर गवंडी हातोडीच्या दांड्याने गिलाव्यावर ठोकत चालला होता, ठक ठक ठक, आणि एके ठिकाणी आवाज बदलला तसा थांबला, खडूने गोल काढला आणि म्हणाला, “हितं बद्द वाजतंय, आत पोकळ हाय.” मशीनने जे आकड्यात सांगितलं तेच त्याने दोन शब्दांत सांगितलं, आणि माझ्या भाषांतरातले दोन्ही शब्द मला तिथेच मिळाले, एक पोकळी, आणि रिपोर्टमधल्या ‘हॉलो साउंड’साठी बद्द आवाज. तो शब्द इंजिनिअरने वाचल्यावर लगेच ठेवून घेतला.

पण पोकळी म्हणजे दोष असं समजून ‘त्रुटी’ किंवा ‘खोट’ लिहू नका. डांबरी रस्त्याच्या मिश्रणात साधारण 3 ते 5 टक्के हवेची पोकळी मुद्दाम ठेवतात. आपल्या उन्हाळ्यात डांबर फुगतं, त्याला जायला जागा लागते, नाहीतर ते वर येऊन रस्ता चकाकायला आणि घसरायला लागतो, आणि पोकळी जास्त झाली तर पावसाचं पाणी आत शिरतं. तिथे व्हॉइड ही डिझाइनची गोष्ट आहे. मातीच्या रिपोर्टमध्ये ‘व्हॉइड रेशो’ आला तर पोकळी गुणोत्तर लिहा आणि त्याला सच्छिद्रतेशी एक करू नका, पहिल्यात पोकळीला मातीच्या कणांच्या घनफळाने भागतात, दुसऱ्यात एकूण घनफळाने, म्हणून पहिला आकडा 1 च्या वर जाऊ शकतो आणि दुसरा कधीच नाही. आणि तिथल्या पोकळीत पाणी भरलेलं असू शकतं हे लक्षात घ्या, म्हणून ‘रिकामी जागा’ हे तिथे सरळ चुकीचं ठरेल.

नकाशावर जो व्हॉइड लिहिलाय तो अजून वेगळा. वरच्या मजल्याच्या नकाशात मधोमध चौकोन काढून त्यात फुली आणि व्हॉइड हा शब्द असेल तर तिथे स्लॅब नाहीये, खालचा हॉल दुप्पट उंचीचा आहे आणि वरून खाली दिसतं. इथे पोकळी लिहिलंत तर घेणाऱ्याला वाटेल स्लॅबमध्ये भोक पडलंय. ‘स्लॅब नसलेला मोकळा भाग’ असं लिहा. जागेचा एरिया मोजताना हा चौकोन धरलाय की नाही यावरून भांडणं होतात, त्यामुळे ही चिठ्ठीएवढी ओळ पण सांभाळून करा.

तुमच्या फाईलबाहेरचे उपयोग पटकन सांगते, पुढे कधीतरी लागतील. हॉस्पिटलच्या कागदात व्हॉइड म्हणजे लघवी करणे, तोच जुना रिकामं करण्याचा अर्थ. सोनोग्राफीच्या रिपोर्टवर ‘पोस्ट व्हॉइड’ असतं ना, आधी पाणी पाजून बसवतात, मग लघवी करून यायला सांगतात आणि मूत्राशयात किती उरली ते परत बघतात, ते हे. तिथे ‘लघवी केल्यानंतर’ एवढंच लिहा, सोप्यात सोपं, कारण वाचणारा पेशंट घाबरलेला असतो. अमेरिकेतल्या फॉर्मवर ‘व्हॉइड चेक’ मागतात तो आपल्याकडचा कॅन्सल्ड चेक, वर आडवं लिहून दिलेला. बिलिंग काउंटरवर ‘व्हॉइड’ म्हणजे पैसे सेटल व्हायच्या आत बिलच मागे घेणं, आणि सेटल झाल्यावर परत दिले तर तो रिफंड, दोन्हींना ‘परतावा’ लिहू नका. प्रोग्रामिंगमध्ये सी, जावा वगैरेत व्हॉइड म्हणजे हे फंक्शन काही व्हॅल्यू परत देत नाही, तिथे भाषांतर करूच नका, देवनागरीत व्हॉइडच ठेवा, आणि ‘शून्य’ तर मुळीच नको कारण शून्य ही एक व्हॅल्यू आहे, शून्य परत देणं आणि काहीच न देणं यात खूप फरक आहे. खगोलशास्त्रात दीर्घिकांच्या मधल्या प्रचंड ओसाड प्रदेशांना व्हॉइड म्हणतात, भूतप तारकासमूहाच्या दिशेचा, म्हणजे जिथे आपल्याला स्वाती दिसते त्या बाजूचा, असा एक प्रदेश 1981 मध्ये जाहीर झाला. तिथे महापोकळी चांगला वाटतो. निर्वात नको, निर्वात म्हणजे व्हॅक्यूम, आणि त्या प्रदेशात थोड्या का होईना दीर्घिका आहेत.

आणि मन. ‘हिज डेथ लेफ्ट अ व्हॉइड’ याला पेपरात ठरलेलं वाक्य आहे, कधीही न भरून निघणारी पोकळी निर्माण झाली. सभेच्या ठरावात, संस्थेच्या शोकप्रस्तावात ते चालतं, तिथे तेच अपेक्षित असतं. पण पत्रात किंवा कथेत कोणी स्वतःच्या माणसाबद्दल बोलत असेल तर पोकळी ‘निर्माण’ करू नका. माझी आजी गेल्यावर माझी आई स्वयंपाकघराच्या दारात उभी राहून फक्त “घर कसं ओकंबोकं वाटतंय” एवढंच म्हणाली होती. कोणी म्हणेल रितं रितं वाटतं, कोणी म्हणेल सुनं झालं, कोणाला घर खायला उठतं. यातलं कुठलं ते बोलणाऱ्यावर आणि त्याच्या गावावर अवलंबून आहे, ते मी इथून सांगू शकत नाही.

म्हणजे तुमच्या फाईलपुरतं बोलायचं तर कराराच्या कलमांत शून्यवत, नोटिशीच्या भाषेत रद्दबातल, व्हॉइडेबलला शून्यकरणीय अधिक फोड, वॉरंटी लागू राहणार नाही, काँक्रीटमध्ये पोकळी, नकाशावर मोकळा भाग.

क्लायंटच्या ‘एकच शब्द’ या हट्टाचं काय करायचं, तर त्याचं म्हणणं अगदीच चुकीचं नाही हे आधी मान्य करा. एकाच करारात एकाच अर्थाने आलेला व्हॉइड कलम 4 मध्ये शून्यवत आणि कलम 9 मध्ये निरर्थक असा झाला तर उद्या दुसऱ्या बाजूचा वकील म्हणेल की दोन वेगळे शब्द म्हणजे दोन वेगळे अर्थ. म्हणून एका अर्थाला एकच शब्द, हे कडक पाळा. मी अशा वेळी फाईलसोबत अर्ध्या पानाचा तक्ता पाठवते, इंग्रजी शब्द, कुठल्या कागदात, काय अर्थाने, मराठी शब्द. आजवर एकाही क्लायंटने तो बघून वाद घातला नाही, उलट पुढच्या कामाला तोच तक्ता परत पाठवतात.

राहिली तुम्ही शेवटी दिलेली ओळ, ताबा देण्याआधी ऑल व्हॉइड्स शॅल बी मेड गुड. ‘मेड गुड’ म्हणजे भरून, दुरुस्त करून पूर्ववत करणे, ते ठीक. पण व्हॉइड्स कुठले, रिपोर्टमधले काँक्रीटचे की पाइप जिथून भिंतीतून जातात तिथल्या फटी, हे त्या ओळीवरून मला कळत नाही, आणि दोन्हीच्या खर्चात फार मोठा फरक आहे. त्याच्या वरचा परिच्छेद बघा, तिथे परिशिष्टाचा नंबर असेल तर प्रश्न सुटला. नसेल तर अंदाजाने पोकळी लिहून टाकू नका, क्लायंटला एका ओळीचा मेल करा आणि उत्तर येईपर्यंत ते वाक्य पिवळं करून ठेवा.